मॉरिसचा वाटा

ही एकोणीसशे एकोणनव्वद सालची गोष्ट. साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे, कारण त्याच वर्षी जळगावात आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला आणि तो आमच्याकडे आला नाही. आमच्याकडे मॉरिस होती. ज्यांच्या घराशेजारी स्वतःची मोटार उभी आहे त्यांनी टीव्हीसाठी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं, हे लोकांना चमत्कारिक वाटे. मलाही वाटे. पण ती मोटार चालत नव्हती. ही गोष्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होती आणि आमच्या ह्यांना मान्य नव्हती.

मॉरिस मूळची माझ्या सासऱ्यांची. ते कापसाच्या जिनात मॅनेजर होते, आणि ते निवृत्त झाले तेव्हा जिनाच्या मालकाने आपली वापरलेली गाडी त्यांना दिली. सासरे गेले, गाडी राहिली. घराच्या कुशीला पत्र्याची एक शेड होती, त्यात ती पोत्यांखाली उभी असे. आमचे हे, म्हणजे पितांबरराव, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. दर रविवारी ते पोती काढायचे, गाडी पुसायचे, आत बसून पेपर वाचायचे आणि पुन्हा पोती घालायचे. ह्याला ते "गाडीला थोडी हवा दिली" असं म्हणत.

माझं म्हणणं अगदी साधं होतं. मला ती शेड हवी होती. लग्नाआधी मी शिवणकामाची परीक्षा पास झाले होते आणि गल्लीतल्या मुलींना शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर स्वयंपाकघरात एक मशीन, त्यावर बसलेली एक मुलगी, आणि बाकीच्या जिन्याच्या पायऱ्यांवर हातात कापड घेऊन आपल्या पाळीची वाट बघत. आमटी उतू गेली की क्लास सुटायचा. शेडमध्ये उजेड चांगला होता, वारा होता, चार मशिनं सहज मावली असती. भाजी निवडता निवडता मी मनात तिथे मशिनं मांडत असे. पण मनातसुद्धा मधोमध मॉरिस यायची. वय पंचेचाळीस झालं होतं. आता नाही झाला तर हा क्लास कधीच होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशात धुळ्याचे मगनशेठ आमच्याकडे आले. ते धुळ्याजवळ मोठ्या रस्त्यावर हॉटेल काढत होते आणि त्यांना हॉटेलच्या दारात एक जुनी मोटार उभी करायची होती. लोक मोटार बघायला थांबतील आणि चहा पिऊन जातील, असा त्यांचा हिशेब. गाडी त्यांना पसंत पडली. अट एकच, गाडी धुळ्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रकवर घालून आणलेली गाडी म्हणजे मेलेली गाडी, आणि नव्या धंद्याच्या दारात मेलेलं कसं उभं करणार, असं ते म्हणाले. गाडी श्रावणात, कानबाईच्या सणाच्या रविवारी धुळ्यात यावी असं ठरलं, कारण त्या दिवशी आम्ही तिकडे जाणारच होतो. ह्यांनी हो म्हटलं. मला आनंदही झाला आणि कोड्यातही पडले, कारण हा माणूस मॉरिसचा आरसासुद्धा कुणाला देणारा नव्हता. पुढे लक्षात आलं. ही गाडी कधीही चालू होणार नाही, ह्या पक्क्या खात्रीवर त्यांनी ती विकायला काढली होती.

पण गाडी चालू झाली. आमच्या शेजारी तोतारामनाना राहायचे. एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शनीत. सारी नोकरी ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं राहून काढल्यामुळे मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता. त्यांनी चार मुलांना मागून ढकलायला लावलं, मॉरिस खोकली आणि सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाडीखालून पाण्याचा ओघळ निघाला, गटारापर्यंत गेला, आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

दुखणं असं होतं. इंजिन थंड राहावं म्हणून त्यात पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो. त्या पंपाच्या आत एक चकती असते, तिला सील म्हणतात. ती झिजून गेली होती, त्यामुळे पाणी फिरण्याऐवजी खाली गळत होतं. थोडक्यात, पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कच्या गाडीला पाणीपुरवठा होत नव्हता. हे वाक्य गल्लीत प्रथम कोण बोललं मला माहीत नाही. पण ते ह्यांच्या ऑफिसात ह्यांच्या आधी पोचलं, आणि त्या दिवशी हे न जेवता उठले.

माणूस दुखावला की हट्टाला पेटतो. जी गाडी बंद राहावी असं त्यांना मनातून वाटत होतं, तीच आता चालवून दाखवायची असं त्यांनी ठरवलं. मुंबईला एका सुट्या भागांच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. सकाळी लावलेला कॉल दुपारी लागला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की तो भाग निघणं कधीच बंद झालं आहे. मिळवायचाच असेल तर अशीच दुसरी गाडी घ्या आणि तिचा काढून हिला बसवा. ह्यांनी शांतपणे "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा अर्थ मला लगेच कळला. शेडमध्ये एक मॉरिस सुटता सुटेना, आता दुसरी येणार होती.

दुसरी मॉरिस निघाली चोपड्याला. तोतारामनानांना आठवलं की तिथल्या एका बागायतदाराच्या केळीच्या बागेत तशी गाडी पडून आहे. दोघे एसटीने गेले. गाडी खरोखर होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बागायतदार फार अगत्याचा माणूस, त्याने जेवू घातलं, केळीचा घड दिला, आणि मग सांगितलं की पंप तेवढा कोणीतरी काढून नेला आहे, हवा तर हॉर्न घेऊन जा. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून ह्यांनी हॉर्न घेतला. आता, आमच्या गाडीचा हॉर्न हा तिच्यातला एकमेव भाग होता जो कधीही बिघडला नव्हता.

येताना जकात नाक्यावर एसटी थांबली. पिशवीत काय आहे म्हणून कारकुनाने विचारलं. ह्यांनी खरं सांगितलं. कारकुनाने आपली यादी काढली. यंत्राचे भाग म्हणावं तर यंत्र बरोबर नाही. भंगार म्हणावं तर वाजतोय, कारण नानांनी रबराचा फुगा दाबून तो वाजवून दाखवला होता. वाजतोय म्हणजे वाद्य, असं कारकून म्हणाला. हे नगरपालिकेचेच नोकर, त्यामुळे त्यांना वाद घालायचा जास्त हक्क वाटला. दोघांचा वाद चालला असताना एसटी निघून गेली आणि केळीचा घड तिच्याबरोबर गेला. हॉर्न मात्र सुखरूप घरी आला. अजून आहे. मुलं खेळतात.

मग सरकारी कचेरी. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर होती. तिथले साहेब म्हणाले, मूळ मालकाला सही करायला घेऊन या. ते वारले, असं ह्यांनी सांगितलं. मग गाडी कोण चालवतो? कोणीच नाही. चालवत नाही तर विकताय कशी? चालू करून विकतोय. मग चालू स्थितीत इथे आणून दाखवा, दाखला देतो. आणतो. पण दाखला नसताना रस्त्यावर आणाल तर पकडू. हे घरी आले आणि मला विचारू लागले की ह्याचा अर्थ काय. मी दोनदा समजून घेतलं. तिसऱ्यांदा समजून घेताना पोळी करपली. शेवटी गाडी धुळ्याला पोचल्यावर मगनशेठांनी आपल्या ओळखीने काय ते बघावं, असं ठरलं.

ह्या सगळ्यात कय्युमभाई आले. कय्युमभाई म्हणजे केळीच्या बागांतल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करणारे. असोद्यापासून पार नदीकाठच्या बागांपर्यंत त्यांची सायकल फिरायची. मोटारीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण हे त्यांना अडचणीचं वाटलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "पंप विहिरीवर असू दे नाहीतर मोटारीत. पाण्याला काय माहीत आपण कुठे आहोत ते?"

जिनातल्या सरकी काढायच्या यंत्राच्या रुळावर जाड चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. कय्युमभाईंनी एका जिनातून तसल्या जुन्या चकत्या आणल्या आणि त्यातून सील कापायला बसले. पहिलं मोठं झालं. दुसरं लहान झालं. तिसऱ्या वेळी माझी कापडं कापायची कात्री मागितली, माझा जीव तीळतीळ तुटला, पण शेडसाठी दिली. मापासाठी माझ्याच डब्यातलं शर्टाचं बटण घेतलं, एरंडेलात ते चामडं भिजत घातलं. ओट्यावर तीन दिवस एरंडेलाचा वास. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया विचारायच्या, कोणाचं पोट बिघडलंय. मी म्हणायची, मॉरिसचं.

सील बसलं. गाडी सुरू केली तर पाणी गळेना. हे गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, पुन्हा फिरले. त्यांचा चेहरा मला आजही समजवून सांगता येणार नाही. जिंकलेल्या माणसाचा होता आणि काहीतरी हरवलेल्या माणसाचाही होता.

आता कानबाईबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी लोक कानबाई बसवतो. सारी भाऊबंदकी मूळ घरी जमते. घराण्यातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ काढतात, ते गहू एकत्र दळतात आणि त्याचे रोट करतात. हे रोट फक्त घराण्यातल्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, आणि आमच्या घराण्यात तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. आमचं मूळ घर धुळ्याला. दळणाची पाळी दरवर्षी एका घराची, आणि त्या वर्षी ती माझी होती. सगळ्या भाऊबंदांच्या नावाचे गहू माझ्याकडे आले. मी न्हाऊन, घरच्या जात्यावर दळून, पितळी डब्यात भरून, वर धुतलेलं फडकं बांधून ठेवले.

रविवारी पहाटे निघालो. हे गाडी चालवायला, शेजारी पंपाचा आवाज ऐकायला कय्युमभाई, मागे मी आणि तोतारामनाना, आणि आमच्या दोघांमध्ये तो डबा. नानांना कोणी बोलावलं नव्हतं, पण कंडक्टरशिवाय गाडी सुटते हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी दार आपटून लावलं, पत्र्यावर दोनदा हात मारला, आणि गाडी निघाली. गल्ली दारात उभी होती. मी खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की कशाला विकायची. एरंडोल येईपर्यंत वाटत राहिलं. मग पाठीत स्प्रिंग टोचायला लागली आणि पुन्हा मशिनं दिसायला लागली.

पारोळा सोडलं आणि नानांच्या मानेवर माशी बसली. त्यांनी ती उडवली, ती दारावर बसली, आणि त्यांनी दारावर एकदाच फटका मारला. आता एसटीत दोन म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. ह्यांनी खाडकन गाडी थांबवली. कोण उतरणार, म्हणून विचारलं. कोणीच उतरणार नव्हतं. पण थांबलो म्हणून दिसलं की पुढून वाफ येते आहे आणि खाली रस्ता ओला आहे.

पाणी संपलं होतं. पाणीपुरवठा खात्याने पाणी बरोबर घेतलं नव्हतं. माझ्याजवळ पिण्याचा तांब्या होता, तो ओतला. तो आत गेला आणि खालून बाहेर आला. रस्त्याकडेच्या मळ्यात एक विहीर दिसत होती. तिथल्या बाईकडून कळशी मागून मी एक फेरा केला. तेही पाणी गेलं. कय्युमभाई गाडीखाली झोपून म्हणत होते की सील तर जागेवर आहे. मग पाणी कुठून जातं? ते म्हणाले, तेच बघतोय. मी दुसऱ्या फेऱ्याला निघाले.

मी विहिरीवर असताना जे घडलं ते मला नंतर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं जुळतं तेवढं असं. कय्युमभाई म्हणाले की विहिरीवरच्या इंजिनाची टाकी गळायला लागली की शेतकरी पाण्यात हळद टाकतात, ती भेगेत जाऊन बसते. माझ्या पूजेच्या पिशवीतली हळद टाकून झाली. चिमूटभरच होती, तिने काय होणार. मग नाना म्हणाले की हळदीपेक्षा पीठ चांगलं. मग सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. कय्युमभाईंनी हात मागे घेतले. देवाचं असेल तर मी शिवणार नाही, साहेब, तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणाले. नाना म्हणाले, मीसुद्धा तुमच्या भाऊबंदकीतला नाही, मला हात लावता येत नाही. तेव्हा आमच्या ह्यांनी चपला काढल्या, हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून धोतराला पुसले, फडकं सोडलं, आणि कानबाईच्या रोटाचं पीठ आपल्या हाताने ओंजळ ओंजळ करून मॉरिसच्या तोंडात घातलं.

मी कळशी घेऊन आले तेव्हा डबा निम्मा झाला होता.

मी कळशी खाली ठेवली. हे म्हणाले, थोडंसंच घेतलंय, धुळ्याला पेठेत पीठ मिळतं, भरून टाकू, कोणाला कळणार आहे. सगळ्या घराण्याच्या नावाच्या मुठी एकेक करून मोजलेल्या, आणि ह्यांना ते पेठेतल्या पिठाने भरायचं होतं. मी रडावं की भांडावं हे मला ठरवता येईना. तेवढ्यात माझी कळशी नानांनी गाडीत ओतली, आणि पाणी थांबलं. थेंबभरही गळेना. तिघे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आता मी काहीतरी चांगलं बोलायला हवं.

धुळ्याला आमच्या मूळ घराच्या अंगणात शिरलो तेव्हा सारी भाऊबंदकी जमलेली होती. मगनशेठ हार घेऊन उभे होते. माझ्या चुलत सासूबाई, झुंबरअक्का, घराण्यात सगळ्यात मोठ्या. त्या ओसरीवर बसल्या होत्या. पोरं मॉरिसभोवती नाचायला लागली, मगनशेठांनी हार घातला. आणि गाडी बंद केल्यावर तिच्या पोटातून गुडगुड, गुडगुड आवाज यायला लागला.

अक्कांनी नाक वर केलं. त्यांची दृष्टी कमी झाली होती, नाक नव्हतं झालं.

"काय शिजी राहिनं व, सुनंदा?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत टाकीचं झाकण उडालं. घट्ट, पिवळसर, हळद घातलेली गरम लापशी कारंज्यासारखी उसळली आणि मगनशेठांच्या टोपीवर, हारावर, अंगणातल्या शेणसड्यावर पडली. पोरं पळाली. अंगणभर शिजलेल्या गव्हाचा खमंग वास पसरला, रोटांचाच वास, त्यात थोडा एरंडेलाचा. मगनशेठांनी ओठावर आलेलं नकळत जिभेने घेतलं आणि एकदम थुंकून टाकलं. त्यांच्या लक्षात आलं असावं की हे काय आहे.

अक्का उठल्या. माझ्या हातातला डबा घेतला, उचलून पाहिला, आणि तो मला परत दिला. ह्यांनी हात जोडून जे घडलं ते सांगितलं, चपला काढल्या होत्या हेही सांगितलं. मला वाटलं आता ह्या वर्षीचे रोट गेले, घराण्यात आमचं नाव कायमचं खराब झालं. अक्का गाडीजवळ गेल्या, बॉनेटवर हात ठेवला, गरम लागला म्हणून काढला.

"रोट कोन्ही दिधं?" त्या म्हणाल्या. "भाऊबंदनी दिधं. कानबाईना दिन दिधं. बठ्ठासना नावनं दिधं. आते हाई घरनं माणूस शे. घरनं माणूस कोनी इकस का?"

म्हणजे सगळ्यांच्या नावाचा रोट ज्याने खाल्ला तो आपला, आणि आपलं माणूस कोणी विकतं का. मगनशेठांनी टोपी पुसता पुसता दोन पावलं मागे घेतली. कानबाईच्या माणसाला हॉटेलच्या दारात उभं करायचं त्यांच्यात धाडस नव्हतं. घातलेला हार त्यांनी परत मागितला नाही. ह्यांच्या तोंडाकडे मी पाहिलं. लाजेने मान खाली होती, पण मिशीखाली हसू मावत नव्हतं. माझी शेड माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

तेवढ्यात माझ्या नणंदबाई, बेबाबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या दोन घरं सोडून राहायच्या. दरवर्षी रोट मळायला त्या, भाजायला त्या, आणि ताटं मांडली की आपल्या घरी जायला त्याच.

"अक्का," त्या म्हणाल्या, "मी या घरमा जन्मनू. मी पीठ मळस, मी रोट भाजस, मन्हा तोंडले एक घास नही. आनि या डबडाले बठ्ठासना वाटा?"

अक्का गाडीवरचा हार उगाच सरळ करायला लागल्या. त्यांना अशा अडलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला काय झालं कोण जाणे, त्या अंगणात मी आजवर कधी मोठ्याने बोलले नव्हते, ती मी पदर सावरून पुढे झाले.

"अक्का, घरचं माणूस म्हणता. मग घराच्या जागेत त्याचा वाटा आहे की नाही?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली, कारण वाटा हा शब्द आमच्याकडे अंगणात कोणी सहज काढत नाही.

"वाटा ते शे," अक्का सावकाश म्हणाल्या.

"मग ते जळगावला पत्र्याखाली का राहावं? मूळ घरी राहावं. इथे गोठा रिकामाच आहे."

ह्यांनी तोंड उघडलं. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी तोंड मिटलं. गोठ्याचं दार उघडायला कोणीतरी धावलं, आणि ज्या भाऊबंदकीचं सात वर्षं एका बांधावरून पटलं नव्हतं, तिने एक होऊन मॉरिस ढकलली. तोतारामनानांनी पत्र्यावर दोनदा हात मारला. उरलेल्या पिठाचे रोट जरा लहान झाले, एवढंच.

परत आम्ही एसटीने आलो. हे खिडकीशी बसले होते. एरंडोलला म्हणाले, "तिकडे ओल आहे गं गोठ्यात." मी म्हटलं, खाली विटा लावायला सांगू. मला फार वाईट वाटत होतं आणि मनात मशिनंही मांडून झाली होती. दोन्ही एकदम कसं असू शकतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज विचार करते तरी कळत नाही.

दिवाळीनंतर शेडमध्ये क्लास सुरू झाला. पुष्कळ वर्षं चालला. तयार कपड्यांची दुकानं झाली तशा मुली कमी झाल्या, मग मीच बंद केला. माझ्या हाताखालच्या काहीजणींनी चाळीसगाव, भुसावळ इकडे आपले क्लास काढले. त्यांच्या पत्रिका येतात, मुलींच्या लग्नाच्या, आता नातींच्या बारशाच्या.

मगनशेठांनी हॉटेलच्या दारात जुना टांगा उभा केला. हॉटेल बरं चाललं. पुढे रस्ता रुंद झाला त्यात टांग्याची जागा गेली, आणि मुलांनी मग हॉटेलही विकलं. कय्युमभाईंनी मात्र त्या प्रवासानंतर मोटारींचं काम घ्यायला सुरुवात केली. आधी मी भीतीपोटी कोणाला त्यांचं नाव सुचवत नव्हते, पण लोक त्यांच्या कामावर खुश होते म्हणतात. त्यांचा मुलगा आता मोठं गॅरेज चालवतो. कय्युमभाई जाईपर्यंत ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, आणि निरोप यायचा की सील जागेवरच होतं. पाणी नेमकं कुठून गळत होतं, ते कोणालाच कधी समजलं नाही. तोतारामनाना शेवटी मुलाकडे पुण्याला गेले. तिथे त्यांना कोणाची गाडी हाकायला मिळाली नाही, आणि ते फार दिवस जगले नाहीत.

झुंबरअक्का त्यानंतर चार कानबाया जगल्या. पुढच्याच वर्षी गहू काढताना, कोणाशी काही न बोलता, त्यांनी बेबाबाईंच्या नावाची मूठ काढली. मग बाकीच्या लेकींचीही. कोणी कुरकुर केली तर त्या गोठ्याकडे बोट दाखवायच्या. अक्कांमागे आता सगळं बेबाबाई बघतात. गुडघे गेलेत, पण गव्हाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

आमचे हे दर महिन्याला एका रविवारी एसटीने धुळ्याला जायचे. गोठ्यात बसायचे, गाडी पुसायचे, पेपर वाचायचे. मी कधी अडवलं नाही. एकदा मलाही नेलं होतं, आत बसवलं, आणि कुठे जाऊ या म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही न्याल तिथे. आम्ही तासभर तशाच त्या उभ्या गाडीत बसलो. दोन हजार नऊ साली ते गेले.

त्यांच्या नावाची मूठ आता पडत नाही. मॉरिसची पडते. बेबाबाई ती जरा मोठीच भरतात, माझ्याकडे न बघता.